घोट्याची दोरी

दोरीचं एक टोक दुलच्या कमरेला होतं आणि दुसरं निआरीच्या घोट्याला. दुल दाराकडे सरकली की निआरीचा पाय ओढला जायचा. मग ती हातातली जाळ्याची सुई न थांबवता नुसता पाय आत घ्यायची आणि दोन वर्षांची दुल फळ्यांवरून घसरत माघारी यायची. दुलला तो खेळच वाटे. दाराच्या पुढे दोन फळ्या आणि त्यांच्या पुढे तळं, हे तिला कळत नव्हतं.

पाणी उतरायला लागलं होतं. झाडांचे शेंडे बाहेर आले तसं अख्खं तरंगतं गाव घरं ओढत खोल पाण्याकडे निघालं. ज्याच्या होडीला इंजिन तो आधी. निआरीच्या घरातली इंजिनाची होडी तिचा नवरा वुथा थायलंडला कामाला जाताना विकून गेला होता, म्हणून शेजारच्या किमलीच्या नवऱ्याने सगळ्यांच्या शेवटी तिचं घर ओढून आणलं आणि रांगेच्या शेपटीला बांधलं. एका बाजूला किमली. दुसऱ्या बाजूला काही नाही, पाणी आणि जलपर्णी.

उतरत्या पाण्याबरोबर मासळी सुटली होती. हेंगशेठच्या मासळी खारवायच्या तराफ्यावर बायांना बोलावणं आलं. निआरीही विचारायला गेली, दुलला काखेत घेऊन.

हेंगशेठने दोरीकडे बघितलं. "टोपलीत उभं राहून मासळी तुडवायची असते, बाई. पायात दोरी घेऊन तुडवणार? पडलीस तर मिठाच्या पिंपात जाशील."

"खांबाला बांधून ठेवीन तिला."

"आणि रडली की काम सोडून पळशील. घरात म्हातारं माणूस नाही का कुणी?"

"नाही."

"मग कुणाकडे तरी ठेव आणि ये. उद्या ये. मासळी थांबत नाही."

संध्याकाळी वुथाचा फोन आला. त्याच्या मागे कसली तरी ठोकाठोक चालली होती.

"आई येतेय भाताची गाडी घेऊन," तो म्हणाला. "मासळीचा प्राहोक घालून झाला की दुलला घेऊन जाईल. मी बोललोय."

"मला नाही विचारलंस."

"आता विचारतोय की. जमिनीवर पोरं बांधावी लागत नाहीत, निआरी."

"किमलीताईची थोरली अशीच आजीकडे गेली. आता आईला मावशी म्हणते."

"काय? ऐकू येत नाही गं. इथे काम चालूय."

"काही नाही," निआरी म्हणाली. "जेवलास का?"

एवढं त्याला ऐकू आलं. "जेवलो," म्हणाला.

दुलला त्या दिवसांत वस्तू पाण्यात टाकायचा नाद लागला होता. दोरी पुरेल तिथपर्यंत जायची, पालथी पडायची आणि फळ्यांच्या फटीतून एकेक खाली सोडायची. चमचा गेला. निआरीच्या केसांची पिन गेली. मग पाण्याची रिकामी बाटली सोडली ती जाईना. फळीखाली अडकून टकटक करत राहिली. दुल खदखदा हसली, हात घालून ती खाली दाबायला लागली. दाबली की वर. दाबली की वर.

निआरीची सुई थांबली.

घर तरतं कशावर? खाली बांबूच्या मोळ्या आहेत म्हणून. मोळी खाली, माणूस वर. जन्मापासून ती हेच बघत आली होती. दर दोन-तीन वर्षांनी बांबू कुजले की बाप पाण्यात उतरून नव्या मोळ्या घराखाली सारायचा आणि घर हळूहळू वर उचललं जायचं, जसं कुणी झोपेतून उठतंय. तिने घरातल्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, झाकणं डांबराने बंद केली, जाळ्याच्या दोऱ्याने एकेकीला खोळ विणली आणि सगळ्यांचा मिळून दुलच्या कमरेभोवती पट्टा केला.

किमली पलीकडून मासळीची मुंडकी कापत बघत होती. "हे काय गं? लेकीला चौथा महिना लागला की काय?"

"बुडू नये म्हणून आहे."

"आमच्या सासूबाई असत्या तर तुझ्या कानाखाली दिली असती. पाण्याला आधीच सांगून ठेवू नये म्हणायच्या. ज्याची तयारी दिसते तेच ते नेतं."

"तुमचा साख दोनदा पाण्यात पडला, ताई. तेव्हा कुणी काय सांगितलं होतं पाण्याला?"

किमलीने पुढची मासळी ओढली. मुंडकं कापलं, बादलीत टाकलं. मग म्हणाली, "हिला एक बाटली कमी पडतेय मागून. माझ्याकडची घे."

सासू दुसऱ्या दिवशी आली. बैलगाड्यांची रांग काठाशी सुटली, गाड्यांखाली चटया पडल्या, चुली मांडल्या गेल्या. दरवर्षी याच दिवसांत कोरडवाहू गावं भात घेऊन तळ्याशी येतात आणि वर्षाचा प्राहोक, म्हणजे मिठात आंबवलेली मासळी, घालून परत जातात. साम आजी म्हणजे निआरीची सासू. तिला निआरी होडीतून घरी घेऊन आली. म्हातारीने वाटभर होडीच्या दोन्ही कडा धरून ठेवल्या होत्या. घरात आल्यावर बरोबर मध्यावर बसली, मधला खांब जवळ ओढल्यासारखा धरून. लाट आली की डोळे मिटायची.

तिने दुलसाठी छोट्या लाल चपला आणल्या होत्या. दुलने त्या हातात घातल्या.

मग म्हातारीला दोरी दिसली. तिने ती उचलली, बोटांनी चाचपली, टोकापर्यंत गेली. दुलच्या कमरेवर, सदरा वर करून बघितलं तर काळपट वळ उठलेला.

"माझ्या वासराचं दावं यापेक्षा लांब आहे," ती म्हणाली.

निआरीचा चेहरा तापला. "आता नाही बांधत, आई. मी एक केलंय. दाखवते."

दाखवायची घाईच नडली. तिने दुलला पट्टा बांधला, स्वतः फळीवर बसली आणि तिला अलगद पाण्यात सोडलं. हात काढला. बाटल्यांनी आपलं काम चोख केलं. दुलची कंबर वर उचलली गेली, दोन्ही पाय वर आले आणि डोकं खाली गेलं. पाण्याच्या वर नुसती ढुंगणाशी गोळा झालेली चड्डी आणि हलणाऱ्या टाचा.

निआरी उडी मारून आत गेली. पोरीला उलटं पकडून वर काढलं. दुल खोकली, ओकली, मग रडली. रडली तेव्हा किमलीने पलीकडून हातातली सुरी खाली ठेवली.

साम आजी खांब सोडून फळीच्या काठापर्यंत आली होती. कशी आली ते तिलाही कळलं नसावं. तिने पोर घेतली, डोक्याचा पंचा सोडून तिला पुसलं, परत मध्यावर जाऊन बसली. निआरी अजून पाण्यातच होती, एका हाताने फळी धरून, दुसऱ्या हातात पट्टा.

"प्राहोक झाला की नेते हिला," म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तोवर दिवसा माझ्यापाशी राहील. तू जा कामाला."

निआरीने पट्टा फळीवर टाकला आणि वर चढली.

तराफ्यावर बाया टोपल्यांत उभ्या राहतात. टोपली अर्धी पाण्यात. आत मुंडकी कापलेली बोटभर मासळी. ती तुडवत राहायची, खवले सुटेपर्यंत, चरबी वर येऊन पाण्यावर तवंग पसरेपर्यंत. सुरुवातीला मासळी पायाखाली गार आणि निसरडी लागते. नंतर पायच नाहीसे होतात. दुपारी मीठ घालायचं काम आलं की बोटांच्या भेगांमधून ते आत जातं आणि मग हात आपले आहेत हे कळतं. बाया गाणी म्हणतात, कुणाच्या नवऱ्याची नक्कल करतात. सगळ्या हसल्या की निआरीही हसायची. पण मधूनच तिचा उजवा पाय आपोआप मागे ओढला जायचा आणि टोपली कलायची.

"काय गं, मुंगी चावली?" शेजारची विचारायची.

"नाही."

काठावर गाड्यांच्या सावलीत दुल हिंडत असायची. तराफ्यावरून ती लाल चपलांनी ओळखू यायची. पहिले दोन दिवस ती पाण्याकडे तोंड करून "आई" अशी हाक मारायची. मग बैलांकडे तोंड करायला लागली. संध्याकाळी निआरी तिला न्यायला गेली की तिच्या केसांना पेंढ्याचा वास यायचा. होडीत बसल्यावर दुल मागे हात करून म्हणायची, "बैल." हा शब्द तिने घरी कधी काढलेला नव्हता. घरी बैल कुठून आला?

एका संध्याकाळी गेली तर दुल गाडीखाली झोपलेली होती, आजीच्या मांडीवर. म्हातारी पंख्याने माश्या वारत होती.

"उठवू नको," ती हळू म्हणाली. "दिवसभर नाचलीय. राहू दे आज."

"रात्री उठते ती."

"माझ्यापाशी नाही उठत." मग निआरीकडे बघून म्हणाली, "भात खाऊन जा. पोट आत गेलंय तुझं."

निआरी भात खाऊन आली. होडी एकटीची म्हणून फार हलकी चालली. घरात आल्यावर तिने दिवा लावला, मग वाटलं कशाला लावला. दोरी खांबाशी वेटोळं होऊन पडली होती. तिने चटई अंथरली आणि सवयीने भिंतीच्या बाजूची जागा मोकळी सोडली.

पहाटे तराफ्याकडे जाताना तिच्या वल्ह्यात जलपर्णी अडकली. रोजच अडकते. तिने वल्हं झाडलं, झुडूप उलटं पडलं आणि पडल्या पडल्या गोल फिरून सरळ झालं. पानं वर, मुळं खाली. तिने वल्ह्याने परत उलटं केलं. परत सरळ. मग होडी थांबवून झुडूप हातात घेतलं. देठांना फुगे होते, लिंबाएवढे, पण तळाशी नाही. पानांच्या गळ्याशी. खाली नुसतं मुळांचं ओझं लोंबत होतं.

घराला डोकं नसतं. घर पालथं पडलं तरी त्याला नाक नसतं की श्वास नसतो. तिने लेकीखाली घराच्या मोळ्या बांधल्या होत्या.

त्या दिवशी टोपलीत उभी असताना ती एकदाही हसली नाही, आणि पायही ओढला गेला नाही. डोक्यात विणकाम चालू होतं.

दुल आता काठावरच झोपत होती. त्यामुळे संध्याकाळ रिकामी होती, आणि तेवढं एक बरं होतं असं निआरीला पहिल्यांदा वाटलं. तिने पट्टा उसवला. छातीवर दोन बाटल्या, गळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान, मानेमागे एक चपटी, डोकं टेकेल अशी. कमरेला काहीच नाही. जांघांमधून एक पट्टी, म्हणजे सगळं वर सरकून तोंडावर येणार नाही. बोटांच्या भेगांतून दोऱ्यावर रक्त लागत होतं, म्हणून पहिल्या खोळी तांबूस दिसत होत्या.

या वेळी लेकीला पाण्यात सोडायचं नव्हतं. तिने तांदळाच्या पोत्याचं कापड शिवून त्यात ओला भुसा आणि चिखल भरला. हात केले, पाय केले. डोकंही चिखलाचंच. भोपळा लावला असता तर तो आपसूक वर आला असता, ती लबाडी झाली असती. मग ते बाहुलं उचलून कडेवर घेतलं. जड होतं. थोडा चिखल काढला. परत घेतलं. अजून जड. भुसा घातला, चिखल काढला, घेतलं, काढलं, घेतलं, आणि एकदा ते बरोबर बसलं. दुल बसते तिथेच, कमरेच्या हाडावर, तेवढंच. निआरी ते घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"दुसरी झाली वाटतं," किमली पलीकडून म्हणाली. "मला बारशालाही बोलावलं नाहीस."

निआरीने बाहुल्याला ते बाटल्यांचं जाकीट चढवलं आणि पाण्यात फेकलं. पाठीवर पडलं, तोंड वर. पालथं टाकलं. क्षणभर पालथं राहिलं, मग एक खांदा वर आला, ते फिरलं, तोंड आभाळाकडे. डोक्यावर टाकलं. किमलीच्या होडीवरून टाकलं. किमलीने स्वतः लाथ मारून टाकलं. एकदा फिरलंच नाही, पालथंच राहिलं. तेव्हा दोघी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या, आणि निआरीने मानेमागची बाटली काढून निम्म्याने लहान लावली.

"माझ्या साखला विण एक," अंधार पडता पडता किमली म्हणाली. मस्करीचा सूर गेला होता. "तुझ्या वाटची मुंडकी मी कापते, तू नुसती विणत बस. दोनदा पडलाय तो."

"आणि सासूबाई?"

"त्या गेल्या आता. त्यांना काय कळतंय."

गाड्या निघायच्या दिवशी काठावर गडबड होती. प्राहोकचे रांजण पेंढ्यात बसवून झाले होते. बैल जुंपायचे राहिले होते. साम आजीच्या गाडीत रांजणांच्या मधे एक खळगा करून त्यात चटई घातलेली निआरीला लांबूनच दिसली. चटईच्या कडेला दुलच्या कपड्यांचं गाठोडं.

निआरी होडीतून उतरली. एका हाताला जाकीट, दुसऱ्या काखेत बाहुलं.

म्हातारीने जाकीट बघितलं आणि दुलला जवळ ओढलं. "नाही."

"आई, एकदा बघा."

"मागे बघितलंय मी."

"मागचं चुकलं होतं. मी घराला बांधतात तसं बांधलं होतं. हे तसं नाही." निआरीने बाहुलं पुढे केलं. "हे घ्या. तुम्ही टाका. कसंही टाका."

म्हातारीने बाहुलं घेतलं आणि तिचा हात खाली गेला. वजन तिला ओळखीचं लागलं असावं. तिने नकळत ते आधी कडेवर घेतलं. मग पाण्याशी गेली आणि रागाने फेकावं तसं फेकलं, डोकं खाली करून. ते बुडालं, वर आलं, फिरलं. म्हातारीने लुगडं गुडघ्याशी धरून ते ओढून आणलं आणि परत फेकलं. गाडीवाले बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आजी, बैल जुंपू का?" तिने ऐकलं नाही.

मग ती तळ्यात शिरली. जन्मभर घोट्याच्या वर तळ्यात न गेलेली बाई कमरेपर्यंत आत गेली. लुगडं फुग्यासारखं वर आलं, ते तिने दाबलं. पाय चिखलात रोवून तिने दोन्ही हात पाण्याखाली पसरले.

"आण तिला," ती म्हणाली. "माझ्या हातांच्या वर सोड."

निआरीने दुलला जाकीट घातलं. पट्टी ओढून बघितली, परत ओढली. दुल "बैल, बैल" करत होती. निआरी तिला घेऊन पाण्यात सासूपाशी गेली. तिने दुलला सोडलं.

दुल हनुवटीपर्यंत खाली गेली, मागे रेलली. मानेमागची बाटली डोक्याखाली आली. तोंड आभाळाकडे. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि वर काय आहे ते बघायला लागली. खाली म्हातारीचे हात तसेच पसरलेले, तिला न टेकलेले.

"पालथी कर," साम आजी म्हणाली.

"आई."

"कर."

निआरीने लेकीला पालथं केलं. तेवढ्यात म्हातारीच्या तोंडून कसला तरी मंत्र सुरू झाला होता, तो अर्ध्यावर आला असेल नसेल. दुल खांद्यावरून वळली, नाकातून पाणी काढत वर आली आणि जोरात रडायला लागली. रडण्याइतका श्वास होता. म्हातारीने तिला उचललं नाही. रडू दिलं. रडतच ती तरंगत राहिली, हात मारत, दोघींच्या मधे.

बऱ्याच वेळाने साम आजी म्हणाली, "गाठ सुटत नाही ना ही?"

"जाळ्याची गाठ आहे."

म्हातारी बाहेर आली. लुगडं पिळलं. गाडीशी गेली, चटईवरचं गाठोडं उचललं आणि निआरीच्या होडीत ठेवलं. खळग्यात चटई तशीच राहिली. तिने ती गुंडाळली नाही.

"नव्या वर्षाला आणशील ना?" तिने विचारलं. बैलाच्या मानेवर हात फिरवत विचारलं, निआरीकडे न बघता. "घरामागे तळी आहे. हे घालूनच आण."

"आणीन, आई."

"चपला ठेव. पाण्यावर काय करायच्या म्हणा. पण ठेव." मग काहीतरी आठवल्यासारखी वळली. "ती दोरी आता लागत नसेल तर दे मला. वासराचं दावं तुटायला आलंय."

दोरी होडीतच होती, बसायच्या फळीखाली. निआरीने ती काढली. एका टोकाला दुलच्या कमरेचा फास अजून होता तसाच गोल. तिने तो सोडवला नाही. तशीच दिली. गाडी उंच रस्त्याला लागली तेव्हा म्हातारीने मागे वळून हात केला, आणि दुलने बैलांना हात केला.

दुपारी किमलीच्या आणि निआरीच्या घरांमध्ये फळी टाकली. दुल त्या फळीवरून गेली. बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. साख तिकडून ओरडत होता की मलाही पाहिजे, आत्ता पाहिजे. निआरी दारात बसून त्याच्यासाठीच विणत होती. लाल चपला उंबऱ्याशी जोडून ठेवल्या होत्या.

"दुल," तिने हाक मारली.

"ऊं," पलीकडून आलं.

थोड्या वेळाने तिने परत हाक मारली, काही काम नसताना. या वेळी उत्तर आलं नाही. बाटल्यांचा आवाज येत होता, म्हणजे पोर खेळत होती. निआरीने मान खाली घातली आणि पुढची खोळ धरली. विणता विणता तिने पाय आत ओढून घेतला, नेहमीसारखा. पाय हलका आला, आणि त्याच्या मागून काहीच आलं नाही.